त्याला काय होतंय!

परवा आईनं गोडा मसाला करायला घेतला. ओट्यावर धने, तीळ, सुकं खोबरं, लवंगा, दालचिनी असा सगळा पसारा, आणि मधे एका वाटीत ते काळपट-करडं, चुरगळलेल्या कागदासारखं दगडफूल. मी नुसताच बघत उभा होतो, तर आई म्हणाली, "काय रे, तुझ्या त्या स्पितीच्या दगडफुलाचं पुढे काय झालं?"

बायको हसली. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर तो विषय निघाला की मला अजून जरा ओशाळल्यासारखं होतं. म्हटलं, या वीकेंडला तेच लिहून टाकावं.

तर झालं असं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही कॉलेजचे चार मित्र स्पितीला गेलो होतो. चाळिशी जवळ आली की आयटीतल्या माणसाला एकतर मॅरेथॉन सुचते नाहीतर हिमालय. माझे गुडघे बघता हिमालय बरा वाटला. :) काझाहून वर किब्बर नावाचं गाव आहे, साधारण ४२०० मीटरवर, चुनखडीच्या खडकावर वसलेलं. जवळच एक भयानक खोल घळ आहे आणि तिच्यावर २०१७ मध्ये सुरू झालेला चिचमचा पूल. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले.

दुसऱ्या दिवशी विरळ हवेनं डोकं ठणकत होतं म्हणून मी एकटाच गावाच्या आसपास हळूहळू फिरत होतो. सगळा मुलूख तपकिरी आणि राखाडी. झाड नाही, झुडूप नावापुरतं. आणि अशा त्या फिक्या दगडांवर मधूनच भडक केशरी ठिपके! आपण पडलो मराठी माणसं, मला पहिल्यांदा वाटलं कुणीतरी शेंदूर फासलाय. म्हटलं, इथे कुठला म्हसोबा? जवळ जाऊन पाहिलं तर शेंदूर नाही, काहीतरी जिवंत. दगडाला घट्ट चिकटलेल्या बारीक बारीक पाकळ्या, मधे दाटी, कडेनं पसरत गेलेल्या. काही ठिपके रुपयाएवढे, काही तळहाताएवढे.

शाळेत शिकलेलं आठवलं, शेवाळ आणि बुरशी एकत्र राहतात ते लायकेन. मराठीत शैवाक. आणि आपलं दगडफूल म्हणजेसुद्धा लायकेनच. आमच्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. आईला थेट हिमालयातलं दगडफूल नेऊ या! खिशातला चाकू काढला आणि पाचेक सेंटीमीटरचा एक छान गोल ठिपका खरवडायला लागलो.

ते काही फुलासारखं निघेना. नुसता भुगा पडत होता. तेवढ्यात आमच्या होमस्टेचे म्हातारे आजोबा तिकडून चालले होते, ते थांबले. "साब, कुछ गिर गया क्या?" मी माझ्या हिंदीत मसाल्याचं सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ये खाने का नहीं है. मैं छोटा था तब से यहीं पे है. रहने दो." आणि निघून गेले. ओरडले नाहीत की काही नाही.

टिश्यू पेपरात बांधलेला तो भुगा मी घरी आणला. आईनं उघडून बघितला आणि विचारलं, "हे काय आणलंस? हळद?"

पण घरच्यांचं हसून झालं तरी आजोबांचं ते "मैं छोटा था तब से" काही डोक्यातून जाईना. आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. मग काय, इंजिनिअरचा स्वभाव, लागलो वाचायला.

या केशरी प्रकरणाचं नाव झँथोरिया एलेगन्स. लिंक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १७९१ मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. २००३ मध्ये त्याची रवानगी नव्या प्रजातीसमूहात झाली आणि आता त्याला रुसाव्स्किया एलेगन्स म्हणतात. तरी जुनं नाव अजून सगळीकडे चालतंच. मॉड्यूलचं नाव बदललं तरी टीममधली निम्मी माणसं वर्षानुवर्षं जुन्याच नावानं बोलतात ना, तसंच हे. एलेगन्स म्हणजे देखणं. त्यात मात्र काही वाद नाही.

हे राहतं थंड डोंगरांत आणि ध्रुवांकडच्या भागांत. आल्प्स, रॉकीज, हिमालय, आर्क्टिक, अंटार्क्टिका. चुनखडीचा दगड त्याला चांगला मानवतो. दुसऱ्या खडकांवरही येतं, पण तिथे पक्ष्यांची विष्ठा वगैरे मिळाली तर जास्त खुलतं. उंच कड्यावर जिथे पक्षी नेहमी बसतात, तिथून खाली केशरी ओघळ दिसतात ते त्यामुळेच. मुळं नाहीत, माती नको. पाऊस, धुकं, वितळलेलं बर्फ, वाऱ्यावरची धूळ, एवढ्यावर संसार.

आणि संसार म्हणजे खरोखरच संसार. बाहेरचं घर बुरशीचं. आत ट्रेबूक्सिया नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यावर बुरशी जगते. ही भानगड दोघांची आहे, हे श्वेंडेनेर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा लायकेनचे मोठमोठे तज्ज्ञ त्याच्यावर उखडले होते. आयुष्यभर एक म्हणून ज्याचा अभ्यास केला ते दोन निघालं तर राग येणारच. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. काही लायकेन आपल्या दोन्ही भागीदारांचं मिळून एक छोटं पार्सल करून वाऱ्यावर सोडतात. एलेगन्स तसं करत नाही. त्याची बुरशी नुसते स्वतःचे बीजाणू सोडते. म्हणजे बीजाणू कुठल्यातरी उघड्या दगडावर पडणार, आणि तिथे योग्य शेवाळ भेटलं तरच पुढे काही घडणार. प्रत्येक पिढीत भागीदार नव्यानं शोधायचा. तेव्हा दगडावरचा एक ठिपका दिसला की समजायचं, अशा किती फेऱ्या फुकट गेल्यावर ही एक जमलेली आहे.

तो केशरी रंगही शोभेचा नाही. पॅरिएटिन नावाचं द्रव्य वरच्या थरात असतं, ते निळा प्रकाश आणि अतिनील किरण अडवतं. थोडक्यात, आतल्या शेवाळासाठी छत्री. भर उन्हातला ठिपका जास्त भडक असतो आणि सावलीतला फिका, पिवळसर.

आता वेळेचं गणित बघा. पाणी मिळालं की हे जागं होतं आणि काही मिनिटांत कामाला लागतं. वाळलं की काम बंद. मरत नाही, नुसतं थांबतं. स्पितीसारख्या कोरड्या मुलखात म्हणजे बर्फ वितळताना, दव पडल्यावर, एखाद्या सरीनंतर, जेवढे ओले तास मिळतील तेवढेच कामाचे. असं अधूनमधून काम करून वाढ किती होणार? साधारण वर्षाला अर्धा मिलिमीटर. तीसुद्धा पहिली शंभरेक वर्षं, नंतर अजून हळू.

हा वेग इतका संथ आणि त्यातल्या त्यात नियमित आहे की माणसांनी त्याचं घड्याळ केलं. रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास ही पद्धत मांडली. हिमनदी मागे सरकली की दगडगोट्यांचे ढीग मागे टाकते. त्या उघड्या पडलेल्या दगडांवर लायकेन वाढायला लागतं. त्यातला सगळ्यात मोठा ठिपका मोजायचा आणि हिमनदी तिथून कधी हटली याचा अंदाज करायचा. प्रत्येक भागातला वेग वेगळा, म्हणून तो आधी ठरवायला साल कोरलेले दगड शोधतात, अगदी कबरस्तानातल्या कबरीसुद्धा. झँथोरिया एलेगन्स या कामासाठी वापरलेल्या सुरुवातीच्या लायकेनपैकी एक. आपण फाइलवर टाइमस्टँप बघतो, तो इथे दगडावर आहे आणि बॅकअप कुठेही नाही.

माझा पाच सेंटीमीटरचा ठिपका घ्या. पन्नास मिलिमीटर, वर्षाला अर्धा. ढोबळ हिशेबानं शंभर वर्षं. पाचदहा वर्षं इकडेतिकडे करा. म्हणजे आजोबा काही उगीच बोलत नव्हते. ते जन्मायच्या आधीपासून तो तिथे असणार. आणि मी तो दोन मिनिटांत खरवडला, मसाल्यासाठी. आणि तेही चुकीच्या मसाल्यासाठी. बाजारात मिळणारं दगडफूल वेगळं. पार्मोट्रेमासारख्या करड्या, पसरट लायकेनचं ते मिश्रण असतं, झाडांच्या सालींवरून आणि दगडांवरून गोळा केलेलं.

इथवर वाचून तुमच्यापैकी ज्याला गूगल करायची सवय आहे, तो म्हणेल, "अरे, पण हे तर अंतराळात जगलेलं लायकेन आहे ना?" बरोबर. २००५ मध्ये फोटॉन-एम२ या रशियन यानाबरोबर युरोपच्या अवकाश संस्थेनं हे लायकेन पाठवलं होतं. साधारण दोन आठवडे उघड्या अवकाशात. निर्वात पोकळी, सूर्याचे न गाळलेले अतिनील किरण, सगळं अंगावर. परत आल्यावर पाणी दिलं, तर एका दिवसात त्याचं प्रकाशसंश्लेषण जवळजवळ पूर्ववत सुरू! मग फेब्रुवारी २००८ मध्ये ते पुन्हा गेलं. या वेळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या कोलंबस प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाजूला, सप्टेंबर २००९ पर्यंत, म्हणजे दीड वर्ष. तरी परत आलेल्या नमुन्यांत जिवंत पेशी होत्या. उन्हापासून झाकलेले नमुने अर्थातच जास्त चांगले राहिले, पण बरोबर पाठवलेल्या लायकेनमध्ये याची कामगिरी सगळ्यात सरस होती.

मी हे वाचलं तेव्हा माझीही पहिली प्रतिक्रिया हीच होती, की चला, सुटलो. जो गडी दीड वर्ष अंतराळात काढतो त्याला माझ्या चाकूनं काय होतंय!

आणि मग लक्षात आलं, की अंतराळात त्याला कुणी खरवडलं नव्हतं.

हाच माझा आजचा मुद्दा आहे. या लायकेनची चिवटाई एका विशिष्ट प्रकारची आहे. थंडी, ऊन, कोरड, उपास हे सगळं ते झेलतं, कारण ते थांबू शकतं. वाट बघणं हीच त्याची ताकद. पण घासणं, खरवडणं, ऑइलपेंट मारणं, दगड उलटा करून ठेवणं, याच्यावर वाट बघून काही उपयोग होत नाही. ज्या दगडावर ते बसलंय तो दगड आणि वरचा उजेड एवढंच त्याला लागतं, आणि नेमकं तेच आपण काढून घेतो. आपण मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. कुणीतरी खूप सोसतो म्हणजे त्याला कशानंच काही होत नाही, असं धरून चालतो.

आता थोडं विषयांतर, पण खरं तर नाही. आमच्या टीममध्ये एक जण होता. नाव सांगत नाही, वाचत असेल तर ओळखेल. प्रॉडक्शन सपोर्टची रात्रपाळी, सणाच्या दिवशीचं रिलीज, कटकट्या क्लायंटचा कॉल, काहीही द्या, हू की चू नाही. कामं वाटायची एक्सेल शीट मी करायचो. जे काम कुणाला नको त्याच्यासमोर त्याचं नाव टाकायचं, असा अलिखित नियमच झाला होता. मीटिंगमध्ये कुणी विचारलंच तर माझं उत्तर तयार, "त्याला काय होतंय, तो करेल." तारीफ म्हणून म्हणायचो हो मी! तीन वर्षं हे चाललं. एका सोमवारी सकाळी त्याची दोन ओळींची राजीनाम्याची मेल आली. मी धावत गेलो, काउंटर ऑफरची भाषा केली. तो शांतपणे म्हणाला, "पैशांचं नाही रे. तू कधी विचारलंच नाहीस."

त्यानं तक्रार केली असती तर मी काम कमी केलं असतं का? केलं असतं. पण ज्यांची तक्रार करायची पद्धतच नाही त्यांचं काय? तीन वर्षं तो थांबत होता, वाट बघत होता, आणि मला वाटत होतं तो मजेत आहे. किब्बरच्या त्या दगडासमोर मी हेच केलं, फक्त दोन मिनिटांत.

असो. मूळ मुद्द्यावर येतो, कारण याला विरोधी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. हे लायकेन दुर्मिळ नाही. दोन्ही ध्रुवांपासून हिमालयापर्यंत पसरलेलं आहे. एका ठिपक्यानं त्याचा वंश बुडणार नाही. हिमालयात रस्ते, धरणं, कचरा, वितळणाऱ्या हिमनद्या असे डोंगराएवढे प्रश्न असताना दगडावरच्या ठिपक्यासाठी काय गळा काढायचा? माझ्या एका मित्रानं हेच विचारलं.

माझं उत्तर असं. वंश टिकेल हे मान्य. पण त्या दगडावरची ती शंभर वर्षं गेली ती गेली. "असे पुष्कळ आहेत" हा हिशेब दुकानात ठीक आहे. जिथे एक एक नग तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही तिथे तो चालत नाही. आणि मोठे प्रश्न तरी कुठून येतात? रस्त्यासाठी कडा फोडणाऱ्यालाही तो कडा रिकामाच दिसत असतो. कुणीच राहत नाही, नुसता दगड आहे, त्याला काय होतंय! चाकूवाला मी आणि सुरुंगवाला तो यांत फरक आकाराचा आहे, नजरेचा नाही.

आणि आपण मराठी पोरं तर या बाबतीत फारच पटाईत. कॉलेजात असताना आम्ही एका किल्ल्यावर ऑइलपेंटनं ग्रुपचं नाव रंगवलं होतं. बाण, बदाम, वर्ष, सगळं. तिथला दगड काळा बेसॉल्ट, लायकेनही वेगळी, करडी आणि पांढुरकी. आम्ही आधी ब्रशनं "दगड साफ" केला होता, रंग नीट बसावा म्हणून. ती घाण नव्हती हे कळायला मला वीस वर्षं आणि एक हिमालय लागला.

तेव्हा मंडळी, माझं म्हणणं फार मोठं नाही. डोंगरात गेलात की दगडावरचा डाग घाण समजू नका. खरवडू नका, त्यावर नाव-हॅशटॅग रंगवू नका, रीलसाठी दगडांच्या उतरंडी रचताना त्यांची बाजू पालटू नका. किल्ल्यावर स्वच्छता मोहिमेला जाल, तर जरूर जा, प्लास्टिक उचला, पण तारेचा ब्रश घेऊन दगड घासायच्या आधी जाणकाराला विचारा. फोटो हवे तेवढे काढा. पाच सेंटीमीटरचा केशरी ठिपका दिसला तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून काढा आणि मनात हिशेब करा. माझी खात्री आहे, आकडा आला की हात आपोआप मागे येईल.

आणि सोमवारी ऑफिसात गेलात की त्या एकाला विचारा. कोणाला ते तुम्हाला माहीत आहे.

दगडफुलाचं म्हणाल, तर गोडा मसाला सोडा असं मी म्हणणार नाही, माझी तेवढी हिंमत नाही. :) पण ते शेतात पिकत नाही, रानातूनच गोळा होऊन येतं आणि तिथे तेही हळूहळूच वाढतं, एवढं मी परवा आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, म्हणून तर चिमूटभरच घालायचं असतं. माझी आजी मूठभर घालू द्यायची नाही."

मी म्हटलं, हे आधी सांगायचंस की.

"तू कधी विचारलंस?"